दूध जास्त होतंय? आधी पंपाकडे बघा

प्रश्न थोडक्यात असा: मुलगी सात आठवड्यांची. चौथ्या दिवशी घरी आली तेव्हा २.८ किलो होती, आता ५.३ आहे. अंगावर घेतलं की मिनिटभरात तिला ठसका लागतो, ती सोडून किंचाळते आणि पुन्हा तोंड मारते. शी हिरवी, फेसाळ, दिवसाला दहा-बारा वेळा. पाजून झालं तरी आईची छाती गच्चच राहते, उजवीकडे दोनदा गाठ झाली. पुन्हा होऊ नये म्हणून आई दिवसातून पाच वेळा, पाजल्यावर, पंपाने ८०-१०० मिली दूध काढते. फ्रीजर भरलाय. घरात अळीवाची खीर, मेथीचे लाडू आणि शतावरी कल्प चालू आहे. एका ओळखीच्यांनी सांगितलं, की बाळाला तुमचं दूध पचत नाही, बंद करा आणि लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, नसलेलं डब्याचं सुरू करा. दूध कमी कसं करायचं, आणि कमी करता करता आटूनच गेलं तर काय, असं तिने विचारलं आहे.

दूध आटण्याची भीती आधी बाजूला ठेवू. तुम्ही आज जिथे आहात तिथून दूध आटायला बरीच घाई आणि बराच हट्ट लागतो. हळू गेलात तर आटणार नाही. मात्र घाईने आटल्याचं एक उदाहरण माझ्याच हातून घडलंय, ते पुढे सांगते.

मी पुण्यात एकोणीस वर्षं स्तनपानाचं समुपदेशन करते. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक जणी ‘दूध पुरत नाही’ म्हणून येतात. त्यांना घरात सहानुभूती मिळते, सल्ले मिळतात, खीर मिळते. जास्त दूध असलेली बाई मात्र कुणाला सांगणार? ‘नशीबवान आहेस, बोलू नकोस, नजर लागेल’ म्हणून तिला गप्प करतात. मग ती येते ती तिसऱ्या गाठीनंतर, तापाने फणफणलेली, ब्लाउजच्या आत पंचाच्या चार घड्या घातलेली. ‘मॅडम, मला बाळाला जवळ घ्यायचीच भीती वाटते’ हे वाक्य मी अशा बायकांकडून जितक्यांदा ऐकलंय तितकं दूध नसलेल्यांकडून नाही. त्यामुळे तुम्ही सातव्या आठवड्यात विचारताय, हे बरंच लवकर झालं.

आता हे दूध खरंच जास्त आहे का, ते बघू. छाती गळते, पंपात भरपूर येतं, ब्लाउज भिजतो, यावरून मी कधीच ठरवत नाही. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध उतरतं तेव्हा जवळजवळ प्रत्येकीची छाती दगड होते. त्यात दुधाबरोबर सूजही असते आणि दोन आठवड्यांत ती बसते. त्या दिवसांत दूध कमी करायच्या भानगडीत कुणी पडू नये. खरं सांगतो तो वजनकाटा. पहिल्या तीन महिन्यांत बाळाचं वजन साधारण रोज २५ ते ३० ग्रॅम वाढतं. तुमची लेक ४५ दिवसांत अडीच किलो वाढली, म्हणजे रोज सुमारे ५५ ग्रॅम. वर तुम्ही पाच वेळा पंप करताय. तेव्हा हो, दूध जास्त आहे, यात शंका नाही.

हाच ठसका, हेच किंचाळणं असतं आणि वजन मात्र जेमतेम वाढत असतं, तर मी हे पुढचं काहीच सांगितलं नसतं. तेव्हा अडचण दुधाच्या धारेत नसून बाळाच्या गिळण्यात असू शकते: जिभेखालची पट्टी आखूड असते, किंवा श्वास घेताना घशातून घरघर येते. अशा बाळाला बालरोगतज्ज्ञांनीच बघायला हवं. वाचणाऱ्या इतर आयांनी ही ओळ सोडू नये, कारण ‘माझ्या बाळालाही ठसका लागतो’ एवढ्यावर दूध कमी करायला बसलेल्या दोघी-तिघी मी पाहिल्यात.

दूध येतं कुठून, हे समजलं की उरलेलं निम्मं आपोआप समजतं. सुरुवातीला दूध हार्मोन आणतात. बाळाने ओढलं-न ओढलं तरी छाती भरते. पुढच्या काही आठवड्यांत कारभार हळूहळू स्तनाकडे जातो. दूध साठून राहिलं, की ते बनवणाऱ्या पेशींना ‘आता सावकाश’ असा निरोप पोचतो. दूध निघून गेलं, की निरोप उलटा: ‘अजून करा’. दोन्ही बाजूंचा हिशोब वेगळा असतो, म्हणून एकीकडे भरपूर आणि दुसरीकडे बेताचं असंही चालतं. ऑस्ट्रेलियात २००६ मध्ये एक ते सहा महिन्यांच्या, फक्त अंगावर पिणाऱ्या बाळांचं चोवीस तासांचं दूध मोजलं होतं. सरासरी ७८८ मिलीच्या आसपास निघाली. कुणी ४७८ वर खूश, कुणी १३५६ पिणारं. त्यातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते: बाळं स्तनात असलेल्या दुधापैकी सरासरी दोन-तृतीयांशच प्यायची. म्हणजे ‘रिकामा’ स्तन असं काही नसतंच. बाळ पोट भरलं की थांबतं आणि उरलेलं दूध आत राहतं. ते राहण्यातूनच उद्याचं दूध किती बनवायचं हे ठरतं.

आता तुमचा पंप बघा. बाळ सोडतं तिथे तुम्ही सुरू करता आणि रोज ४००-५०० मिली वरचं काढता. शरीराला वाटतं, घरात दुसरंही एक बाळ आहे, जरा कमी खाणारं. ते इमाने-इतबारे त्याचीही सोय करतं. दुसऱ्या दिवशी छाती आणखी गच्च, गाठीची आणखी भीती, म्हणून आणखी पंप. तुम्हाला हे कुणीतरी काळजीपोटीच सांगितलं असणार. दवाखान्यातून घरी जाताना ‘पाजून झालं की उरलेलं काढून टाकत जा’ असं सांगायची पद्धत अजून गेलेली नाही. गळणारं दूध वाया जाऊ नये म्हणून दुसऱ्या बाजूला चिकटवायचा तो मऊ सिलिकॉनचा पंपही यातलाच. दिसायला गरीब असतो, पण तोही ओढतो. गळणारं दूध एका घडीच्या पंचाने टिपलेलं बरं.

स्वयंपाकघराकडे वळू. अळीव, मेथी, डिंक, खसखस, शतावरी यांनी किती दूध वाढतं हे कुणी नेमकं सांगू शकत नाही आणि मी सासूबाईंशी त्यावर वाद घालायलाही जात नाही. अळिवात लोह आहे, बाळंतिणीला ते चांगलंच. पण हे सगळं दूध वाढावं याच हेतूने दिलं जातं, आणि तुम्हाला ते वाढवायचं नाहीये. मी असं सांगते, की कल्प आज बंद, खीर आणि लाडू दोन आठवडे सुट्टीवर, पोटभर वरण-भात-भाजी-भाकरी-तूप चालू. सासूबाईंना थेट ‘बंद करा’ म्हणू नका. ‘मॅडमनी दोन आठवडे पथ्य सांगितलंय’ म्हणा. पथ्य या शब्दापुढे आपल्याकडे सगळे नमतात. पाणी मात्र तोडू नका. पाणी कमी प्यायल्याने दूध कमी होत नाही, डोकं तेवढं दुखतं.

आणि गोळ्यांची पाकिटं एकदा चष्मा लावून वाचा. पित्तासाठी म्हणून दिल्या जाणाऱ्या बऱ्याच कॅप्सूलमध्ये पॅन्टोप्रॅझोलबरोबर डॉमपेरिडॉन असतं, काहींत लेव्होसल्पिराइड असतं. दोन्हींनी प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध बनवायला लावणारं हार्मोन, वाढतं आणि दूध वाढतं. माझ्याकडे एकजण आली होती, पंप नाही, खीर नाही, तरी दूध थांबेना. तिसऱ्या भेटीत तिच्या पर्समधून पित्ताच्या कॅप्सूलची अर्धी पट्टी निघाली. सिझेरियननंतर पाच दिवसांसाठी दिलेली ती गोळी ती सव्वा महिना घेत होती, ‘बरं वाटतं म्हणून’. असं काही सापडलं तर डॉक्टरांना विचारून दुसरी गोळी मागा.

हिरव्या शीबद्दल. ती बघून ‘आईचं दूध बाधतंय’ असं म्हणणारे घरोघरी असतात, आणि मग आईचा वरण-भातावर वनवास सुरू होतो. गोष्ट साधी आहे. दुधातल्या स्निग्धाचे कण स्तनातल्या बारीक नळ्यांच्या कडेला धरून राहतात आणि स्तन हलका होत जाईल तसे सुटून खाली येतात. टच्च भरलेल्या स्तनातून आधी पातळ, गोड दूध येतं. तुमच्या लेकीचं पोट त्या पातळ दुधानेच भरतं; साय येईपर्यंत ती पोचतच नाही. मग ती लवकर भुकेजते, पुन्हा भरलेला स्तन, पुन्हा पातळ दूध. एवढी साखर एकदम आतड्यात उतरली की तिचा आंबून वायू होतो, पोट गुडगुडतं, शी फेसाळ आणि हिरवी होते, बसायची जागाही लाल होते. तिला लॅक्टोज पचत नाही असं नाही. तिला ते एका वेळी फार मिळतंय. म्हणून लॅक्टोज नसलेल्या डब्याची गरज नाही आणि पोटदुखीच्या थेंबांचीही नाही. दूध मापात आलं की शी आठवडाभरात पिवळी व्हायला लागते. शीत रक्त दिसलं, चिकट आव दिसली, किंवा बाळ मलूल वाटलं, तर मात्र हा तर्क सोडून बालरोगतज्ज्ञांकडे जा.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते: पातळ आणि घट्ट ही दोन वेगळी दुधं नाहीत, आणि ‘पहिली दहा मिनिटं पातळ’ असा घड्याळाचा नियमही नाही. स्तन किती भरलेला आहे, एवढ्यावरच ते अवलंबून असतं.

आता करायचं काय.

आजपासून बसण्याची पद्धत बदला. आपल्या बायका मांडी घालून बसतात, बाळ मांडीवर आडवं, आणि पाजताना पाठीला पोक काढून त्याच्यावर झुकतात. पान्हा फुटला की धार सरळ घशात. दूध बेताचं असेल तर काही बिघडत नाही. तुमच्याबाबतीत म्हणजे नळाखाली तोंड धरल्यासारखं होतं. त्याऐवजी पलंगावर पाठीमागे दोन उशा आणि एक लोड घेऊन आरामखुर्चीत रेलतो तशा रेला. लेकीला पोटावर पालथी, तिचं पोट तुमच्या पोटाला, तोंड छातीच्या वरून खाली येईल अशी घ्या. आता दुधाला वर चढावं लागतं, आणि नको असलेलं दूध ती ओठाच्या कडेने सोडून देऊ शकते. ब्लाउज भिजेल, भिजू दे. रात्री कुशीवर झोपून पाजणंही चांगलं. गालाखाली दुपट्याची घडी ठेवा.

पान्हा फुटताना झिणझिण्या येतात ना, तो क्षण ओळखा. ती ओढायला लागली आणि घटाघट गिळण्याचा आवाज आला, की तिला हलकेच सोडवा, पहिली जोराची धार पंचात जाऊ द्या, वीस-तीस सेकंदांत जोर ओसरतो, मग पुन्हा लावा. हे दूध हाताने पिळून काढायचं नाही, नुसतं जाऊ द्यायचं. छाती इतकी कडक असेल की तिला पकडच घेता येत नाही, तर पाजण्याआधी दोन्ही हातांची बोटं निपलच्या भोवती काळ्या भागावर ठेवून आत, छातीच्या दिशेने, मिनिटभर स्थिर दाबून धरा. दुखेपर्यंत नाही. सूज मागे सरकते आणि तो भाग कानाच्या पाळीसारखा मऊ होतो. दर काही मिनिटांनी ढेकर काढा; ही बाळं दुधाबरोबर हवाही पुष्कळ गिळतात. आणि ती पूर्ण भुकेने रडायच्या आत घ्या. झोपेत चुळबुळ करत हात चोखते ती वेळ सर्वांत चांगली, तेव्हा ती हळू ओढते.

दुसरं, पंप. एकदम बंद करू नका. रोज पाच वेळा निघणारं दूध उद्यापासून एकदम आत राहिलं, तर तिसरी गाठ नक्की. पहिले दोन-तीन दिवस पाचही वेळा पंप करा, पण ८०-१०० ऐवजी ५०-६० वर थांबा. पुढचे दोन-तीन दिवस ३० वर. मग दर दोन-तीन दिवसांनी एकेक वेळ गाळा. आधी संध्याकाळची, कारण तेव्हा छाती मुळातच हलकी असते. पहाटेची सर्वांत शेवटी, कारण रात्री दूध जास्त बनतं. एखाद्या दिवशी फारच जड वाटलं तर मोरीत उभं राहून, हाताने, ओढ कमी होईल इतकंच काढा, दोन-चार चमचे. बाटली भरायला गेलात की हिशोब परत पहिल्या पानावर. एवढ्याला दोन आठवडे लागतील. तुमच्यासारख्या, म्हणजे पंपाने दूध चढवून ठेवलेल्या बऱ्याच जणींचं काम इथेच होतं आणि पुढची पायरी लागतच नाही. म्हणून दोन्ही पायऱ्या एकदम सुरू करायच्या नाहीत.

पुढची पायरी म्हणजे एका वेळी एकच बाजू. पंप सुटल्यावरही वजन त्याच वेगाने वाढत असेल आणि ठसका तसाच असेल तर दिवसाचे तीन-तीन तासांचे भाग करा. सकाळी आठ ते अकरा उजवी: त्या वेळात ती कितीदाही मागो, उजवीच. अकरा ते दोन डावी. त्यामुळे चालू बाजू चांगली हलकी होते, तिला साय मिळते. बंद बाजू भरलेली राहते आणि तिला ‘सावकाश’चा निरोप पोचतो. बंद बाजू फार ठणकली तर दोन चमचे, वर सांगितलं तसं. रात्री हा नियम नको, ती मागेल तशी पाजा. मनगटाला रबरबँड बांधून ठेवा, चालू बाजूच्या हाताला. झोप अपुरी असते, कुठली बाजू होती हे आठवत नाही, आणि मोबाइल त्या वेळी कधी हाताशी नसतो.

दोन-तीन दिवसांत फरक जाणवायला लागतो. चार-पाच दिवसांत काहीच नाही झालं तर तीनचे चार तास करा, त्याहून वर मला किंवा तुमच्या जवळच्या कुणा जाणत्या व्यक्तीला विचारल्याशिवाय जाऊ नका. आणि फरक पडला की थांबा. हे औषध आहे, घरची रीत नाही. आठवडा-दोन आठवड्यांत संपवायचं.

माझी चूक ती इथलीच. बऱ्याच वर्षांपूर्वी एका आईला मी फोनवरच सहा-सहा तासांची बाजू सांगितली. बाळाला मी पाहिलं नव्हतं, वजन तिने ‘चांगलं आहे’ एवढंच सांगितलं आणि मी ते धरून चालले. आठ दिवसांनी तिचा फोन आला तो आनंदाचा: ‘बाळ आता शांत झोपतं, ठसका नाही, छाती मऊ.’ मीही खूश. पंधराव्या दिवशी लसीला नेलं तेव्हा कळलं, की पंधरा दिवसांत बाळ १२० ग्रॅमच वाढलंय. ते शांत होतं कारण ते अर्धपोटी होतं. दूध परत चढवायला आम्हा दोघींना तीन आठवडे लागले. तेव्हापासून काट्यावरचा आकडा मी ग्रॅममध्ये विचारते, आणि वजन चांगलं वाढत नसेल तर एकबाजूचा नियम कुणालाच देत नाही.

गाठीविषयी मात्र जुनं सगळं विसरायला सांगते, आणि त्यात मीच पूर्वी सांगायचे तेही आलं. गरम शेक, अंगठ्याने दाबून मालिश, ‘गाठ फुटेपर्यंत ओढायला लाव’, तेल लावून फणीने उतरवणं, असे प्रकार आपल्याकडे चालतात. मालिशवाल्या मावशींचा तर गाठ म्हणजे हात साफ करायचा विषय. स्तनाच्या आजारांचं काम करणारे डॉक्टर आता नेमकं उलट सांगतात. स्तनपानाच्या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, अ‍ॅकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिनने, २०२२ मध्ये आपला सल्ला तसा बदलला. गाठ म्हणजे नळीत अडकलेला दह्याचा खडा नसतो; ती नळीभोवतीची सूज असते, बाहेरून दाबली गेलेली नळी असते. मुरगळलेला घोटा आपण चेचत नाही, तसाच स्तनही चेचायचा नाही. बर्फाचे खडे फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं ठेवा, दिवसातून तीन-चारदा. त्या बाजूने नेहमीसारखं पाजा, जास्तीचं नाही. हात फिरवायचाच असेल तर मांजराला कुरवाळतो इतका हलका, काखेच्या दिशेने. दुखण्यासाठी आयबुप्रोफेन पाजणाऱ्या आईला चालतं, तुम्हाला पित्ताचा किंवा दम्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. बहुतेक गाठी एक-दोन दिवसांत बसतात. १०१ च्या वर ताप, थंडी वाजणं, लाल होऊन पसरत जाणारा भाग, किंवा चोवीस तासांनंतरही वाढतं दुखणं असेल तर वाट बघायची नाही, त्याच दिवशी डॉक्टर. तेव्हाही पाजणं बंद करायची गरज सहसा पडत नाही. ‘दूध नासलंय’ हे खरं नाही.

छाती पंचाने घट्ट आवळून बांधा, असंही कुणीतरी सांगेल. नको. आधार देणारी, पण वळ न उठवणारी ब्रा पुरे.

मोगऱ्याचा गजरा ब्लाउजमध्ये ठेवायचा उपाय तुमच्या आजीला ठाऊक असेल. मी तो थट्टेवारी नेत नाही. वेल्लोरच्या डॉक्टरांनी १९८८ मध्ये त्यावर अभ्यास छापला आहे: बाळंतिणींच्या छातीवर मोगऱ्याच्या माळा चिकटवून ठेवल्या आणि तुलना दूध बंद करणाऱ्या ब्रोमोक्रिप्टिनच्या गोळीशी केली, दूध थांबवण्यात फुलं गोळीच्या तोडीला उतरली. पण शब्द बघा, थांबवण्यात. ज्यांना दूध पूर्ण बंद करायचं होतं त्यांच्यासाठी ते होतं. तुम्हाला पाजायचंय, तेव्हा सणावाराला गजरा डोक्यात माळा. कोबीच्या गार पानांनी मात्र जड छातीला थोडा आराम पडतो, आणि भाजी त्याच दिवशी करायची नसेल तर काही नुकसान नाही.

औषधं आहेत, पण ती शेवटच्या खणात. सर्दीच्या काही गोळ्यांत असणाऱ्या स्यूडोएफेड्रिनने दूध घटतं. २००३ मध्ये आठ बायकांवर झालेल्या छोट्या अभ्यासात ६० मिलिग्रॅमच्या एकेका मात्रेने चोवीस तासांचं दूध सरासरी २४ टक्के कमी झालं होतं. (ज्यांचं दूध मुळात बेताचं आहे त्यांनी सर्दीची गोळी घेताना हे लक्षात ठेवावं.) इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी कमी होतं, प्रोलॅक्टिन उतरवणाऱ्या कॅबर्गोलिनच्या गोळीने तर झपाट्याने. यातलं काहीही स्वतःहून किंवा माझ्या लिहिण्यावरून घ्यायचं नाही. रक्तदाब, गुठळ्यांचा इतिहास, मनाची अवस्था, सगळं बघून डॉक्टरच देतात. पंप नाही, खीर नाही, गोळी नाही, आणि तरी दूध आवरत नाही असं असेल तर थायरॉइडही एकदा तपासून घ्यावं.

फ्रीजरमधल्या साठ्याचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. आशियातली पहिली मानवी दूधपेढी मुंबईत शीव रुग्णालयात १९८९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. आज पुण्यात ससूनमध्ये आणि इतरही शहरांत अशा पेढ्या आहेत. तिथलं दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवून, तपासून, अपुऱ्या दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळांना देतात, आणि त्याआधी देणाऱ्या आईची एचआयव्ही, कावीळ-ब, सिफिलिस अशा आजारांसाठी रक्ततपासणी होते. फोन करून विचारा, कारण घरी आधीच गोठवलेलं दूध कसं काढलं आणि कसं ठेवलं यावर ते घ्यायचं की नाही हे प्रत्येक पेढी ठरवते. पंप कमी करायच्या दोन आठवड्यांत निघणारं दूधही त्यांना चालू शकेल. पण ‘दान करायचंय’ म्हणून पंप चालूच ठेवू नका. तो मोह मी चांगल्या चांगल्या जणींना झालेला पाहिलाय. सोसायटीच्या ग्रुपवर कुणी मागितलं तर थेट देऊ नका, आणि विकायचा तर प्रश्नच नाही: मे २०२४ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे देशातल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, आईच्या दुधाची विक्री कायद्यात बसत नाही असं स्पष्ट केलं आहे. काही पिशव्या स्वतःसाठी ठेवा, वर तारीख घालून. कामावर परत जाल तेव्हा लागतील. घरात वीज जात-येत असेल तर मागच्या पिशव्या विरघळून पुन्हा गोठल्या नाहीत ना, ते बघा. तसं झालं असेल तर टाकून द्या, जीव कितीही तुटला तरी.

आणखी दोन-तीन आठवड्यांनी एक दिवस असा येईल, की तुम्ही सकाळी उठाल आणि छाती मऊ असेल. ब्लाउज कोरडा, झिणझिण्या नाहीत, पंप लावला तर तळाला जेमतेम दूध. त्या दिवशी घरात कुणीतरी म्हणेल, ‘बघ, गेलं दूध’, आणि गॅसवर खिरीचं पातेलं चढेल. दूध गेलेलं नसतं. ते मापात आलेलं असतं. बाळ ओढतं तेव्हाच बनतं, साठून राहत नाही. ही अवस्था सगळ्यांचीच साधारण याच सुमाराला येते. त्या दिवशी छातीकडे बघू नका, लंगोट मोजा: चोवीस तासांत सहा किंवा जास्त भिजलेले, पिवळी शी, आणि वजन आठवड्याला दीडशे-दोनशे ग्रॅमने वर. तुमच्या लेकीचा वेग ५५ वरून ३० वर आला तर ‘बाळ खराब झालं’ असंही म्हणतील. तेच आपल्याला हवंय.

आज कुठला वार आहे तो लिहून ठेवा आणि दर आठवड्याला त्याच वारी वजन करा. तोच काटा, शक्यतो अंगणवाडीतला किंवा डॉक्टरांकडचा, लंगोट काढून, पाजण्याआधी. स्वयंपाकघरातल्या काट्यावर परातीत बसवून नको. दोन आकडे हाती आले की, ग्रॅममध्ये, मला कळवा; एकबाजूचा नियम लागेल का ते तेव्हा ठरवू.